चाकांवरचं घर बंदरात अडलं

परदेशवारी म्हटली की फुलबागा आणि दुकानं डोळ्यांपुढे येतात. मला मात्र मेलबर्नचं बंदर आठवतं!

धाकटी बहीण नि तिचे यजमान जर्मनी सोडून तिथं राहायला गेले. आपली जुनी कॅराव्हॅन, म्हणजे मोटारीमागे जोडायचं चाकांवरचं घर, त्यांनी मागाहून जहाजानं आणवली. दिवाळीच्या सुट्टीत मी गेले, ती त्यातच बसून समुद्रकाठी फराळ करायच्या बेतानं!

यारा नदीच्या मुखाशी वेब डॉक आहे. कॅराव्हॅन तिथं उतरली, पण हाती काही येईना. चाकांच्या आतल्या बाजूला वाळलेली माती अन् गवताचं बी सापडलं! पुन्हा धुणं, पुन्हा तपासणी, रोजचं जागाभाडं. शिवाय किंमत आणि जहाजभाडं धरून वर १० टक्के कर. सप्टेंबर ते एप्रिल युरोपातल्या बऱ्याच देशांतून येणाऱ्या गाड्यांना एका घाण वासाच्या किड्यापायी धुरी नाहीतर ५६ अंशांची धग द्यावी लागते. त्याचं बिल वेगळंच.

"ताई, सुट्टीचे सगळे पैसे यातच गेले गं!" बहिणीचा चेहरा उतरला. फराळ घरीच झाला.

मीही चिडले. मग आपलं गाजरगवत आठवलं. परदेशी गव्हाबरोबर आलं म्हणतात. १९५० नंतर पुण्यात दिसलं नि आज शेतोशेती माजलंय. तेही आधी चिमूटभर बीच ना!

तेव्हा सामान जहाजानं धाडताना, सांगितलेल्या भाड्यात काय काय धरलेलं नाही, ते आधी लिहून घ्या. आणि गाडी खालूनही घासा, कढईचं बूड घासतो तशी!