आधी कड पाहा

फोटोतली पार्श्वभूमी काढायची म्हटलं की मी आधी कड पाहतो. पद्धत तीच ठरवते.

कॉटन ग्रीनला, अभ्युदय नगरच्या बाजूला आमचं डीटीपी आणि फ्लेक्सचं काम चालतं. भाद्रपदाआधी लालबाग-काळाचौकीच्या मंडळांचे बॅनर, बाकी वर्षभर वाढदिवस आणि श्रद्धांजली. गणपतीच्या मूर्तीची कड स्वच्छ असते, तिथे पेन टूलच. बिंदू कमीत कमी टाकायचे आणि वळण हँडलने घ्यायचं. बिंदू वाढले की सोंडेचा बाक खडबडीत होतो. प्रभावळीच्या नक्षीतून मागचा पडदा डोकावत असतो. तिथे प्रत्येक भोकाला वेगळा पाथ काढावा लागतो. काम वेळखाऊ, पण वीस फुटी फ्लेक्सवर नजर तिथेच जाते.

केसांना मात्र पेन टूल लावलं की माणूस पुठ्ठ्यातून कापल्यासारखा दिसतो. मोकळे काळे केस आणि मागे आकाश असेल तर मी निळा चॅनेल उघडतो. त्यात आकाश उजळ, केस गडद. त्याची प्रत काढायची, लेव्हल्सने फरक ताणायचा, उलटी करून मास्क करायचा. एकेक बट सुटी येते.

फोटोशॉपमध्ये 2018 पासून ‘सिलेक्ट सब्जेक्ट’ आहे. वाढदिवसाच्या बॅनरला ते पुरतं आणि मी ते वापरतोही. श्रद्धांजलीचा फोटो बहुधा लग्नातल्या घोळक्यातून येतो. आजोबांची पांढरी टोपी, मागे चुन्याची भिंत, खांद्यावर शेजारच्याचा हात. अशा वेळी टोपीचं टोक भिंतीबरोबर उडतं आणि हात तसाच राहतो. मग टोपीची कड पेनने काढायची, हाताखालचा सदरा क्लोन स्टॅम्पने दुसऱ्या खांद्यावरून आणायचा. त्याआधी घरच्यांना विचारतो, हात काढू का? एकदा तो हात मुलीचा निघाला. ‘राहू दे,’ म्हणाली. मनगटापाशी फ्रेमची कड येईल असा फोटो बसवला.

इरेझरला मी हात लावत नाही. मास्कवर काळ्याने झाकलेलं पांढऱ्याने परत आणता येतं, आणि घरची माणसं दुसऱ्या दिवशी विचार बदलतात.

तुमच्याकडून एवढंच हवं: व्हॉट्सॲपवर मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि जेपीईजीचे चौकोन नेमके केसांच्या कडेला उमटतात. जुना प्रिंट असेल तर मोबाइलने त्याचा फोटो काढू नका. प्रिंटच घेऊन या, आपण 600 डीपीआयवर स्कॅन करू.