बादलीतलं पाणी

एका रात्री साडेदहाला एसीच्या ड्रेन पाइपखाली बादली लावली. सकाळी सहाला उठून मापाच्या भांड्याने मोजलं. साडेसहा लिटर. एका टनाचा एसी, दहा बाय बाराची खोली, माणसं तीन, महिना मे. आमच्या श्वासातलं, अंगावरच्या घामातलं, दाराखालच्या फटीतून आत शिरलेलं, सगळं मिळून एवढं पाणी.

एक लिटर पाण्याची वाफ परत पाणी करायची तर तिच्यातून सुमारे ०.६८ युनिट उष्णता काढावी लागते. साडेसहा लिटरचे झाले जवळपास साडेचार युनिट. हे विजेचे युनिट नव्हेत, उष्णतेचे. कॉम्प्रेसर एका युनिट विजेत तिप्पट-चौपट उष्णता बाहेर टाकतो. तरीही बेस्टच्या बिलात सव्वा युनिटच्या आसपास रोज या बादलीच्या नावावर पडतं. नागपूरच्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत कूलर चालतो, तो आमच्या वडाळ्यात का चालत नाही, ते या बादलीत दिसतं. इथल्या हवेत आणखी पाणी घालून काय होणार?



बाबा परळच्या गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांवर, होते. तिथे हवेत मुद्दाम दमटपणा सोडत. हवा कोरडी पडली की सूत तुटतं, म्हणून पाण्याचे बारीक फवारे. खिडक्या बंद, यंत्रांची उष्णता वेगळी, आणि माणसं आठ तास त्यात उभी. "सुताला सोसेल ती हवा असायची," बाबा म्हणतात.

'एअर कंडिशनिंग' हा शब्दही गिरणीतलाच आहे. १९०६ साली अमेरिकेतल्या स्टुअर्ट क्रेमर या कापड गिरण्यांच्या इंजिनिअरने तो वापरात आणला, तो हवेत ओल घालण्याच्या कामासाठी. त्याआधी चार वर्षं, १९०२ मध्ये, विलिस कॅरिअरने ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी उलटं काम केलं होतं. दमट हवेत कागद फुगायचा, रंग एकमेकांवर नीट बसत नसत, म्हणून त्याने हवेतली ओल काढली. एकीकडे सूत, दुसरीकडे कागद. माणसाच्या झोपेचा विचार बराच नंतर आला.



याआधीचा एसी बारा वर्षांचा होता. तीन उन्हाळे ओळीने 'गॅस कमी झालाय' म्हणून भरून घेतला. दरवेळी वेगळा माणूस, दरवेळी पैसे. यावर्षी आलेल्या मेकॅनिकदादांनी मात्र आधी साबणाचं पाणी करून जोडांवर लावलं. आउटडोअरच्या कॉइलच्या वाकणापाशी बुडबुडे आले, मोहरीएवढे, एकामागून एक. "ताई, गॅस खर्च होत नसतो. पेट्रोल नाही ते. कमी झाला म्हणजे कुठून तरी गेला."

हे वाक्य प्रत्येक घरात माहीत असायला हवं. गॅस बंद नळीत फिरत असतो. लीकेज न शोधता नुसता भरून देणं म्हणजे गिऱ्हाइकाची फसवणूक आणि हवेचंही नुकसान. आमच्यात आर-२२ होता. तो ओझोनचा थर खातो, म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रिअल कराराखाली तो टप्प्याटप्प्याने बंद होतो आहे. शिवाय उष्णता धरून ठेवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,८०० पट. आमच्या खिडकीतून तीन उन्हाळे तो निसटत होता, हे मनाला लागून राहिलं.



आउटडोअरच्या कॉइलची अशी दशा कशाने झाली? आमच्या पूर्वेला मिठागरं आणि शिवडीची खाडी. खारी हवा ॲल्युमिनियमच्या पात्यांना आधी धरते. दादांनी बोट फिरवलं, तर पाती पांढऱ्या भुकटीसारखी हातात आली. तांबं आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटलेले, मध्ये खारट ओल, म्हणजे ॲल्युमिनियम झिजणारच.

घरात भिंतीवर लावलेल्या कॉइलचं दुखणं निराळं. प्लायवूड, डिंक, व्हिनेगर यांतून सुटणाऱ्या सौम्य आम्लांच्या वाफा ओल्या तांब्यात शिरून आतल्या आत वारुळासारखी वाकडीतिकडी भोकं पाडतात. वरून काही दिसत नाही. नवं कपाट करून घेतल्यावर खोली चार दिवस उघडी ठेवा, असं दादा सांगतात, ते उगाच नाही.



शेवटी जुना काढून नवा घेताना दुकानातला माणूस दीड टनाचा घ्या म्हणत होता. नाही घेतला. मोठा एसी खोली झटकन गार करतो आणि थांबतो. पाणी निथळायला वेळच मिळत नाही. मग गार पण ओलसर खोली, मऊ पडलेले पापड आणि पुस्तकांच्या कण्यावर बुरशी. लहान इन्व्हर्टर, हळू पण सतत चालणारा, आमच्या हवेला बरा. स्टार पाहिले, कॉइलवर गंजरोधक लेप आहे का ते विचारलं. घेतला त्यात आर-३२ आहे. तो ओझोनला धक्का लावत नाही, तापवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट, पण थोडा ज्वालाग्राही. म्हणून नळीला वेल्डिंग करायचं तर आधी गॅस पूर्ण काढून घ्यायचा, हे आपणही बघायचं.

२०२० पासून स्टारवाले एसी २४ अंशांवरच सुरू होतात. आम्ही २६ वर ठेवतो, वर पंखा. हवा कोरडी असली की २६ पुरे होतात.



आउटडोअर बसवायला आलेला मुलगा विशीतला. चौथा मजला, छज्जा वीतभर. ग्रिलला पाय अडकवून तो बाहेर झुकायला लागला, तशी मी त्याला आत ओढलं. पट्टा आणि दोर आणेपर्यंत काम थांबवलं. दीड तास गेला. आपली खोली गार व्हावी म्हणून कुणाच्या लेकराने खिडकीबाहेर लटकायचं, हे मला सहन होत नाही. बोलावताना फोनवरच पट्ट्याचं सांगायला हवं.



आषाढी. वडाळ्याच्या विठ्ठल मंदिराची रांग पहाटेच दूरवर गेलेली, पाऊस थांबलेला, झाडाचं पान हलत नाही. घरी आल्यावर इनडोअरमधून भिंतीवर पाण्याची धार. ड्रेन पाइपमध्ये बुळबुळीत शेवाळ अडकलं होतं. खालच्या टोकाने फुंकून, मग कोमट पाणी ओतून मोकळा केला. उतार कुठे कमी पडतो तेही सापडलं. मध्येच पाइप वर उचलला गेला होता. खिळा खाली घेतला. फिल्टर दर पंधरा दिवसांनी मी धुते. पाइपही आता त्याच दिवशी बघायचा.

बादलीतलं पाणी फरशी पुसायला आणि संडासात. प्यायचं नाही, धातूवरून येतं ते.



रात्री बाबा एसीच्या खोलीत बसले होते. उशीच्या शिवणीचा सुटलेला धागा चिमटीत धरून त्यांनी हलकेच ताणला. तुटला. "कोरडी झाली हवा," म्हणाले, आणि पांघरूण ओढून घेतलं.

ऑक्टोबरात सर्व्हिसिंग. आउटडोअरची कॉइल साध्या पाण्याने धुऊन घ्यायची, मीठ निघायला हवं. दादांना आत्ताच सांगून ठेवलंय.