पळसगाव ते मोन्तोने

पेरुज्या हे उंब्रिया प्रांताचं डोंगरावर वसलेलं मुख्य शहर. जुन्या शहराच्या टोकाला ब्रुफानी नावाचं हॉटेल आहे. ऑक्टोबर १९२२ मध्ये मुसोलिनीच्या चार साथीदारांनी याच हॉटेलात तळ ठोकून रोमवरच्या मोर्चाची सूत्रं हलवली. मुसोलिनी स्वतः मिलानमध्येच थांबला आणि राजाचं बोलावणं आल्यावर रात्रीच्या आगगाडीनं रोमला निघाला. पहिल्या महायुद्धात इटली जिंकणाऱ्यांच्या बाजूला होता. पण लाखो माणसं गमावूनही तहात पदरी फारसं पडलं नाही, ही सल घरोघर होती. त्यात महागाई आणि संप. मुसोलिनीच्या काळ्या डगलेवाल्यांना एवढी जमीन पुरेशी होती. १९३५ मध्ये त्यांनी इथिओपियावर स्वारी केली, विषारी वायू वापरला, आणि राष्ट्रसंघ अर्धेमुर्धे निर्बंध घालून गप्प बसला. दुसऱ्या महायुद्धाची गोष्ट आपण पोलंडपासून सांगतो. माझ्या मते ती या हॉटेलापासून सांगायला हवी.

पेरुज्याहून उत्तरेला निघालं की टायबर नदी सोबत करते. रोममध्ये दगडी घाटांत बांधलेली ही नदी इथे सूर्यफुलांच्या आणि तंबाखूच्या शेतांमधून मोकळी वाहते. वाटेत उंबेर्तिदे लागतं. तिथल्या एका चौकाला २५ एप्रिल हे नाव आहे. २५ एप्रिल हा साऱ्या इटलीचा मुक्तिदिन, १९४५ चा. उंबेर्तिदेची तारीख मात्र त्याच्या बरोबर एक वर्ष आधीची, १९४४ ची. त्या दिवशी दोस्तांची विमानं नदीवरचा पूल उडवायला आली आणि बाँब शेजारच्या वस्तीवर पडले. सुटका करायला येणाऱ्यांनीच मारलेल्या माणसांचं दुःख करायचं तरी कसं, हा प्रश्न इथल्या घरांना पडला असेल.

उंबेर्तिदेच्या वर टेकडीवर मोन्तोने. तटबंदी, चढाच्या अरुंद गल्ल्या, दारांत कुंड्या. पंधराव्या शतकात गाजलेल्या ब्राच्चो फोर्तेब्राच्चो या भाडोत्री सेनापतीचं हे गाव. मी आलो होतो मात्र एका नाईकासाठी. नाईक यशवंत घाडगे, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण. गाव पळसगाव, तालुका माणगाव, तेव्हाचा कुलाबा जिल्हा.

रोम ४ जून १९४४ ला पडलं. जर्मन सैन्य पळालं नाही. ते टेकडी-टेकडीला अडवत, वेळ काढत, उत्तरेच्या गॉथिक लाइन या बचावफळीकडे मागे सरकत होतं. दहावी हिंदी डिव्हिजन टायबरच्या वरच्या खोऱ्यात त्याच्या पाठीवर होती. इथला डोंगर पाहिल्याशिवाय त्या लढाईची कल्पना येत नाही. एक धार चढून जावी तर पुढे तशीच दुसरी, मधल्या घळीत झुडपं, आणि वरून प्रत्येक पायवाट नजरेच्या टप्प्यात. कोकणातल्या पोरांना असा डोंगर नवा नव्हता. १० जुलैला घाडग्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. ते सोडून सगळे पडले, कुणी मेले, कुणी जखमी. ते एकटेच धावत गेले. हातबाँबनं मशीनगन आणि ती चालवणारा गारद केला, आणखी एकाला गोळी घातली. बंदुकीत नवं मॅगझिन भरायला वेळ नव्हता, तेव्हा नळीकडून धरून दस्त्यानंच उरलेल्या दोघांना संपवलं. त्यानंतर दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागल्या. वय २२. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर.

जुलै २०२३ मध्ये मोन्तोनेनं त्यांच्या नावानं सूर्यघटिका उभारली. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचं वाक्य तिच्यावर आहे. त्या उन्हात उभं राहून माझ्या मनात आलं ते सुखाचं नव्हतं. माणगावात घाडग्यांचा पुतळा आहे, गाव त्यांना विसरलेलं नाही. पण उरलेल्या महाराष्ट्राला या माणसांचं काय करावं हे कधी नीट कळलंच नाही. ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगोनं हिंदुस्थानातल्या कुणालाही न विचारता देश युद्धात ओढला. चाळीसच्या दशकात साताऱ्यात एकीकडे नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं होतं आणि दुसरीकडे त्याच जिल्ह्यातले तरुण मराठा पलटणीत भरती होऊन इटलीत लढत होते. एकाला आपण क्रांतिकारक म्हटलं. दुसऱ्याला काही म्हणायचंच टाळलं. पोटासाठी गेला म्हणून त्याचं धैर्य उणं ठरत नाही, असं मला ठामपणे वाटतं. फॅसिझमविरुद्ध तो खरोखर लढला, आणि ज्यांच्यासाठी लढला त्यांनी त्याच्या देशाला गुलामीत ठेवलं होतं. दोन्ही गोष्टी एकदमच सांगाव्या लागतात.

आपेनाइन पर्वत ओलांडून मी फोर्लीला गेलो. तिथे हिंदी सैन्याची युद्ध-दफनभूमी आहे आणि अग्निसंस्कार झालेल्यांच्या नावांचं स्मारक आहे. दफनभूमीपासून थोड्या अंतरावर प्रेदाप्पिओ हे मुसोलिनीचं जन्मगाव. तो तिथेच पुरलेला आहे, आणि त्याच्या थडग्याला फुलं वाहायला आजही झुंडी येतात. फोर्लीच्या गवतात मला एकही माणूस भेटला नाही. राग आला, आणि तो लपवण्याचं कारण दिसत नाही.

तिथून सेनिओ नदी जवळ आहे. नदी लहान, पण दोन्ही काठांना शेतांपेक्षा खूप उंच मातीचे बांध. जर्मनांनी ते आतून पोखरून ठाणी केली होती, आणि आघाडी इथे सबंध हिवाळाभर अडली. ९ एप्रिल १९४५ ला हल्ला झाला, तेव्हा पाचव्या मराठाच्याच पहिल्या पलटणीचे शिपाई नामदेव जाधव कंपनीचे निरोपे होते. ते तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातले. नदी ओलांडणाऱ्या पहिल्या गटातले बहुतेक पडले. जाधवांनी दोन जखमींना एकेक करून पाण्यातून, चढ्या बांधावरून, सुरुंगांतून सुखरूप आणलं. मग परत गेले. हाताला गोळी लागून बंदूक चालवता येईना, तेव्हा हातबाँबनं मशीनगनची तीन ठाणी मोडली, आणि बांधाच्या माथ्यावर उभं राहून मराठ्यांची युद्धघोषणा देत मागच्यांना बोलावलं. ते जगले, १९८४ मध्ये वारले. बांधाच्या त्या माथ्यावरून आता लोक सायकली चालवतात.

२ मे १९४५ रोजी इटलीतलं युद्ध थांबलं. पुढच्या वर्षी जूनमध्ये इटलीनं राजेशाही नाकारली; त्या मतदानात बायकांचाही हक्क होता. १९४८ ला लागू झालेल्या राज्यघटनेच्या ११ व्या कलमानं इतर लोकांच्या स्वातंत्र्यावर घाला घालणारं युद्ध त्याज्य ठरवलं. हिंदुस्थानात २५ लाखांचं सैन्य हळूहळू मोडलं जात होतं. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत नौसैनिकांनी बंड केलं आणि गिरणी कामगार त्यांच्या पाठीशी रस्त्यावर उतरले. सैन्यावर विसंबून राज्य चालवण्याचे दिवस संपल्याचं इंग्रजांना तेव्हा उघड दिसलं. त्या बदलात टायबर आणि सेनिओवरून परतलेल्या शिपायांचा वाटा किती, यावर मराठीत अजून मनापासून लिहिलं गेलं पाहिजे. पलटणींच्या इतिहासांबरोबर घरोघरची पत्रं आणि पेन्शनचे कागदही त्यासाठी जमवायला हवेत.

घाडग्यांची कबर मोन्तोनेत नाही, फोर्लीतही नाही. ज्यांचा ठावठिकाणा लागला नाही अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावं दक्षिणेला कॅसिनोच्या स्मारकावर कोरली आहेत. त्यांत त्यांचं आहे. रोमहून कॅसिनोला थेट आगगाडी जाते.