भूल देण्यापूर्वीची विचारपूस

भूल देणारा डॉक्टर रुग्णाच्या स्मरणात फारसा राहत नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्याचे नाव घरोघर घेतले जाते. आमची गाठ पडते ती आदल्या संध्याकाळी, दहा-पंधरा मिनिटांपुरती. परंतु इंदूरमध्ये तीस वर्षे हा व्यवसाय केल्यावर माझे मत असे झाले आहे की, पुष्कळसे त्या दहा-पंधरा मिनिटांतच ठरून जाते. एच. आय. व्ही. बाधित रुग्णाच्या बाबतीत तर हे विशेषच खरे.

भारतात या विषाणूची पहिली नोंद १९८६ साली मद्रासला झाली. त्यानंतर कित्येक वर्षे, असा रुग्ण आला की त्याच्यावर शस्त्रक्रिया करावी की नाही, हाच प्रश्न प्रथम निघे. एका गृहस्थांना हर्नियासाठी दाखल व्हावयाचे होते. एका खाजगी रुग्णालयाने रक्ताचा अहवाल पाहताच त्यांना परत पाठविले होते. त्यांच्या पत्नीने मला हळूच विचारले, "डॉक्टरसाहेब, खरे सांगितले तर तुम्हीही नाहीच म्हणाल ना?"

मी त्यांना बसावयास सांगितले आणि गोळ्यांची पिशवी मागितली. तीत रिटोनाविर होते. हे औषध यकृताचे काम मंदावते. त्यामुळे आम्ही गुंगीसाठी देतो ते मिडॅझोलॅम शरीरातून लवकर निघत नाही. नेहमीची मात्रा दिली असती, तर झोप लांबून श्वास मंदावण्याचा धोका होता. दुसरे औषध टेनोफोविर. ते मूत्रपिंडास त्रास देऊ शकते, म्हणून क्रिएटिनिन तपासले. ते किंचित वाढलेले निघाले, तेव्हा मूत्रपिंडावर ताण आणणारी वेदनाशामके वगळली. क्षयाच्या शंकेने छातीचा एक्स-रे काढला. सी. डी. ४ पेशींची संख्या आणि रक्तातील विषाणूंचे प्रमाण पाहिले. पण जिना चढताना दम लागतो का, हेही तितक्याच अगत्याने विचारले. शस्त्रक्रियेच्या सकाळची गोळी घोटभर पाण्याबरोबर घेण्यास सांगितले, कारण ही औषधे विनाकारण खंडित करू नयेत. पाठीच्या कण्यात सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर केला. सारे सुरळीत पार पडले.

आणि आमची भीती? दूषित सुई टोचल्यास लागण होण्याचा संभव हजारात सुमारे तीन. शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत औषध सुरू करून २८ दिवस घेतले की तोही पुष्कळ घटतो. लागण नुकतीच झाली असेल तर तपासणीत ती दिसत नाही. म्हणून हातमोजे आणि सावधगिरी प्रत्येक रुग्णासाठी सारखीच असावी लागते.

२०१७ च्या कायद्याने, जो सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला, केवळ या कारणास्तव उपचार नाकारण्यास मनाई केली आहे. रुग्णाच्या संमतीवाचून ही तपासणी करता येत नाही आणि गुप्तता राखणे बंधनकारक आहे. तथापि, कायदा दार उघडे ठेवू शकतो. पिशवीतली गोळी दाखविण्याचे धैर्य विश्वासातूनच येते.

वाचकहो, आपल्या घरातील कोणाची शस्त्रक्रिया ठरली, तर भूल देणाऱ्यापासून एकही औषध लपवू नका. आणि आम्हां डॉक्टर मंडळींनी ते ऐकताना कपाळावर आठी पडू देऊ नये.