कापूस अडकला तिथे

लंकावीजवळच्या रेबाक बेटावर पोचले तेव्हा दादाची बोट पाण्यात नव्हतीच. अवाढव्य चाकांच्या एका यारीखाली, दोन रुंद पट्ट्यांच्या झोळीत ती लटकली होती आणि तळातून पाणी निथळत होतं. गल्लीतल्या विजेच्या तारांखालून गणपती पुढे काढताना सगळ्यांचे श्वास जसे अडकतात, तसे यार्डातली माणसं श्वास धरून उभी होती. वहिनीने तर डोळेच मिटले होते.

दिवाळी उरकून मी पंधरा दिवसांसाठी मलेशियाला गेले होते. बेटं पाहायची, समुद्रात डुंबायचं, असा बेत होता. ते सगळं राहिलं. पंधराही दिवस मी त्या बोटीच्या खाली, आत नाहीतर वर होते. परत येऊन महिना झाला, तरी रोज रात्री डोळे मिटले की तीच बोट दिसते. हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही!

दादा म्हणजे माझा मामेभाऊ. तीस वर्षं व्यापारी जहाजांवर इंजिनिअर होता. निवृत्त झाल्यावर त्याने आणि वहिनीने एक जुनी, फ्रेंच बनावटीची कॅटमरान घेतली आणि आता दोघं तिच्यातच राहतात. लांबी साडेअकरा मीटर, रुंदी साडेसहा, आणि पाण्याखाली जेमतेम सव्वा मीटर. दोन अरुंद, लांबट हल, म्हणजे पाण्यात तरंगणारी अंगं, आणि त्यांना जोडणारा मधला भाग. त्या भागावर बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर, दोन्ही हलमध्ये झोपायच्या जागा आणि एकेक इंजिन. कॅटमरान हा शब्द तमिळ ‘कट्टुमरम’वरून आलाय, म्हणजे बांधलेली लाकडं. हे मला ठाऊक होतं. पण बोटीखाली उभी राहून वर पाहिलं आणि मला आपल्या मालवणच्या किनाऱ्यावरची उलांडीची होडी आठवली. होडी कलंडू नये म्हणून बाजूला बांधलेलं ते लाकूड! पाण्यावर दोन ठिकाणी टेकलं की आडवं व्हायची भीती कमी होते, एवढी साधी ही अक्कल. तिच्यातून असं घर उभं राहिलंय.

पहिले तीन दिवस तळ खरवडण्यात गेले. वर्षभरात त्याच्यावर बार्नॅकलचा थर चढला होता. लहान, धारदार, चुनखडीच्या टोप्यांसारखे, आणि त्यांना भर उन्हात खाजणाचा वास सुटला होता. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने शेवाळ निघतं, पण बार्नॅकल पत्र्याच्या पट्टीनेच काढावे लागतात. मग तळाला तांब्याच्या संयुगाचा रंग लावायचा. तांबं हळूहळू पाण्यात सुटत राहतं आणि जिवाणूंपासून शिंपल्यांपर्यंत कुणाला घर करू देत नाही. मी ब्रश भरभरून लावत सुटले होते. इतक्यात दादा धावत आला. “तिथे नाही! त्या पायाला हा रंग लावायचा नाही!”

तो पाय म्हणजे इंजिनाखालून पाण्यात उतरणारा, पंखा फिरवणारा ॲल्युमिनियमचा भाग. खाऱ्या पाण्यात तांबं आणि ॲल्युमिनियम एकमेकांना भिडले की चक्क बॅटरी तयार होते आणि ॲल्युमिनियम खाऊन टाकलं जातं. त्याच्यासाठी वेगळा, तांबं नसलेला रंग असतो. शिवाय पायावर जस्ताची एक जाड कडी बसवलेली असते. खारं पाणी आधी तिला खातं, म्हणून पाय वाचतो. जुनी कडी दादाने माझ्या हातावर ठेवली. चोखून चोखून बारीक झालेल्या खडीसाखरेच्या खड्यासारखी ती झाली होती. ती मी मागून घेतली, आता माझ्या टेबलावर आहे.

पण मला जे सांगायचंय ते पाचव्या दिवसाचं.

डोलकाठी उभी राहते ती तारांच्या जोरावर. एक तार पुढे नाळेकडे, बाकीच्या दोन्ही बाजूंना आणि थोड्या मागे ओढलेल्या. प्रत्येक तार म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या १९ काड्यांचा पीळ: मधे एक, भोवती सहा, त्यांच्याभोवती बारा. लांबून पाहिलं तर एकदम आरशासारखी. दादाने वहिनीकडून समईच्या वातींचा कापूस मागून घेतला, माझ्या चिमटीत दिला आणि म्हणाला, “तारेभोवती धर आणि वरून खाली अगदी हलक्या हाताने ने.” डाव्या तारेवर कापूस सरसर खाली गेला. उजव्या तारेवरही गेला, गेला, आणि अगदी खाली, जिथे तार धातूच्या जाड नळीत शिरते, तिथे अडकला. चार धागे तुटून तिथेच राहिले.

भिंग लावून पाहिलं. बाहेरच्या बारा काड्यांपैकी एक तुटली होती. केसाएवढी फट, आणि खाली चहाच्या डागासारखा एक तपकिरी ओघळ. एवढंच.

स्टेनलेस स्टीलला गंज येत नाही असं मी जन्मभर समजत आले. त्याचं खरं संरक्षण म्हणजे क्रोमियम ऑक्साइडचा एक अतिपातळ पापुद्रा, आणि तो टिकायला हवेतला प्राणवायू लागतो. नळीच्या तोंडाशी खारं पाणी साचून राहतं, तिथे प्राणवायू पोचत नाही, पापुद्रा पुन्हा धरत नाही आणि धातू आतून कुरतडला जातो. म्हणून तार वरच्या टोकापेक्षा खालच्या टोकाला आधी जाते. एक काडी गेली म्हणजे बाकीच्यांचंही वय झालं. दादाने त्याच संध्याकाळी सगळ्या तारा बदलायचं ठरवलं. समुद्रात त्या तारेने दगा दिला असता तर डोलकाठी आडवी झाली असती, आणि ते एका वातीच्या कापसाने सांगितलं! मी तो कापूस कितीतरी वेळ हातात धरून बसले होते.

कॅटमरानमध्ये या तारांवर एवढी नजर का ठेवायची, हे कळलं तेव्हा मला सगळी बोटच नव्याने दिसली. आपल्याला माहीत असलेल्या शिडाच्या बोटी, अगदी गोव्यात दिवाडीला बांधलेल्या नौदलाच्या ‘म्हादेई’ आणि ‘तारिणी’सुद्धा, एका हलच्या आणि खाली कील, म्हणजे शिशाचा जड पंख, असलेल्या. वारा वाढला की त्या कलतात, शिडातून वारा थोडा निसटतो आणि ताण उतरतो. शिवाय माणसाला पायाखालीच कळतं की आता शीड आखडायला हवं. कॅटमरान कलत नाही. टेबलावरचा चहा हिंदकळत नाही. वाऱ्याचा सगळा जोर वेगात तरी जातो, नाहीतर तारांत आणि डोलकाठीत. वारा १५ नॉटवरून २१ वर गेला तर शिडावरचा दाब जवळजवळ दुप्पट होतो, आणि आत बसलेल्याला पत्ताही लागत नाही. म्हणून दादाने सुकाणूजवळ एक तक्ता चिकटवलाय: १८ नॉटला शिडाची पहिली घडी, २४ ला दुसरी. मनाला काय वाटतं ते विचारायचं नाही, आकडा पाहायचा. आणि झुळका असतील तर आकडा झुळकेचा धरायचा. कॅटमरानच्या पोटात शिसं नसतं, त्यामुळे ती सहसा बुडत नाही. पण एकदा उलटली तर आपणहून सुलटही होत नाही. बऱ्याच कॅटमरानच्या हलना म्हणूनच बोट उलटल्यावर बाहेर पडता येईल अशी खिडकी ठेवलेली असते. ती खिडकी पाहिली आणि माझ्या अंगावर काटा आला.

आणि वजन! बोट सज्ज करायची म्हणजे सामान घ्यायचं, असं मला वाटत होतं. वहिनी स्प्रिंगचा काटा घेऊन एकेक वस्तू तोलत बसली होती. कॅटमरानचे हल अरुंद असतात, म्हणून ओझं झालं की ती लवकर खाली बसते, वेग जातो आणि लाटा मधल्या भागाच्या तळावर खालून धाडकन आदळायला लागतात. नांगराची ६० मीटर साखळी, १० मिलिमीटर जाडीची, एकटीच १३५ किलोच्या आसपास. तिच्यात काटछाट नाही, कारण रात्री झोप लागते ती तिच्याच भरवशावर. नांगर टाकला की दोन्ही हलच्या टोकांपासून एकेक दोर आणून साखळीला अडकवतात, म्हणजे बोट डावी-उजवी हेलकावत नाही. पण जाड पुस्तकं, दुसरा कुकर, बिडाचा तवा, सगळं खाली उतरलं. बिडाच्या तव्यापाशी वहिनी बराच वेळ थांबली. शेवटी तो तिने परत वर नेला, आणि मला ते पटलं.

पाणी आणि वीज दोन्ही बोटीनेच करायची. छतावर सौर पॅनेल, बैठकीखाली ४०० अँपिअर-अवरच्या लिथियम बॅटऱ्या. हिशेब मांडला तर साधारण ५ युनिट वीज. एवढ्यात फ्रीज, दिवे, स्वयंचलित सुकाणू आणि पाण्याचं यंत्र. ते यंत्र म्हणजे घरातल्या आरओचाच थोरला भाऊ. घरचा पंप चार-पाच बारचा दाब देतो, इथे समुद्राच्या पाण्याच्या प्रत्येक लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणून दाब ५५ बारच्या आसपास लागतो. आतला पडदा फार नाजूक: बंदरातलं तेलकट पाणी त्याला चालत नाही, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन तर विषच. आपलंच बनवलेलं गोड पाणी त्यातून फिरवून मग यंत्र बंद करायचं, हा नियम वहिनी देवाच्या दिव्यासारखा पाळते. त्या पाण्याचा पहिला पेला मी प्यायले. त्याला चवच नव्हती, इतकं ते शुद्ध होतं!

तळाला समुद्राचं पाणी आत-बाहेर करणाऱ्या झडपा असतात. प्रत्येकीवर दादाने छोट्या हातोडीने ठोकून पाहिलं. एक पितळी होती आणि तिच्यावर गुलाबी छटा दिसत होती, म्हणजे पितळेतलं जस्त पाण्याने खाल्लं होतं. ती काढून काशाची बसवली. प्रत्येक झडपेशेजारी दोरीने बांधलेली एक निमुळती लाकडी खुंटी असते. झडप तुटलीच तर भोकात ठोकायला. इलेक्ट्रॉनिक नकाशे, उपग्रहाचे संदेश, आणि त्यांच्या जोडीला ही लाकडाची खुंटी. मला ती खुंटी सगळ्यात जास्त आवडली.

चौदाव्या दिवशी बोट पाण्यात गेली. नव्या तारांवरून मी कापूस फिरवला, तळापर्यंत कुठेही अडकला नाही. यारीने बोट पाण्यात टेकवली, पण दादाने पट्टे लगेच सोडू दिले नाहीत. दादा टॉर्च घेऊन आत उतरला, एकेक झडप, दोन्ही इंजिनांखालचा रबरी पडदा, सगळीकडे हात फिरवून कोरडं आहे ना ते पाहिलं, आणि मगच बाहेर येऊन हाताने खूण केली. पट्टे सैल झाले. वर एक ब्राह्मणी घार फिरत होती, आपल्या बंदरांवर असते तशीच.

आता तुम्हाला एकच सांगायचंय. मालवण, देवगड, हर्णै, वेंगुर्ला, कुठेही गेलात आणि वाळूवर ओढलेल्या होडीच्या तळाला कुणी रंग लावत असलं, तर फोटो काढून पुढे जाऊ नका. थांबा, विचारा, परवानगी मिळाली तर लाकडावर हात फिरवून पाहा. काम करणारा माणूस नक्की सांगेल. आणि ऐकायला तासभर तरी हातात ठेवा.