लाभ, दोन, तीन

आमच्या शिरवण्यात थंडी ती किती! डिसेंबरात दोन दिवस पहाटे गार वारा सुटला की लोक कानटोप्या काढतात, तिसऱ्या दिवशी पुन्हा पंखा चालू. अशा गावात मी, पासष्टीला आलेला शेतकरी माणूस, भर श्रावणात ओट्यावर बसून लोकरीची बंडी विणत होतो. येणारेजाणारे थांबून बघायचे. कोणी विचारायचं, "काय दादा, नातीला टोपी काय?" मी म्हणायचो, "नाय, बायकोला बंडी." मग ते हसायचे, मीही हसायचो.

हसण्यासारखं होतंच ते. पण त्याची सुरुवात काही हसण्यासारखी नव्हती.

शिरवण्यात आता शेती नाही. १९७० साली सिडको आली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं, त्यात आमचीही गेली. मी तेव्हा शाळेत होतो. दहावी झालो तोवर आमच्या खाजणात भात नव्हतं, भराव होता. पण माझा हात शेतीचा, तो काही सुटला नाही. पनवेलच्या पलीकडे हिच्या माहेरी दीड एकर आहे, ती मी आणि मेव्हणा मिळून करतो. लावणीला ही दर वर्षी बरोबर यायची. माझ्यापेक्षा हिचा हात भरभर चालायचा.

गेल्या वर्षीच्या आषाढात लावणी अर्ध्यावर आली होती. ही बांधाला उभी राहून आवणाच्या मुठी सोडवत होती. हातातली एक मूठ खाली पडली. ती उचलायला वाकली तर दुसरीही पडली. मी हाक मारली तर बोलली ते मला कळलं नाही. मला वाटलं चक्कर आली, सकाळपासून उपाशी आहे. मी तिला पडवीत निजवलं, गूळपाणी पाजायला बघितलं, पाय चोळले. म्हटलं, झोपली की बरं वाटेल. दुपार तशीच गेली. संध्याकाळी तोंड एका बाजूला ओढलेलं दिसलं तेव्हा गाडी काढली.

दवाखान्यात समजलं की हा लकवा आहे. मेंदूला रक्त नेणाऱ्या नळीत गुठळी अडकली होती. ती विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण ते त्रास सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आमचे ते तास पडवीत गेले होते. मी पाजायला बघितलं ते पाणीसुद्धा चूक होतं. लकव्यात गिळायची ताकद जाते, पाणी श्वासनळीत उतरू शकतं. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतं, यातलं एकही दिसलं तर थांबायचं नाही, काही खायला-प्यायला द्यायचं नाही, गाडी काढायची. हे मला आता पाठ आहे. वाचणाऱ्यानेही पाठ करावं.

हिचा जीव वाचला, पण उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. म्हणजे आवाज होता, शब्द चुकीचे यायचे. पाणी पाहिजे असलं की "चूल" म्हणायची. नातीला हाक मारायला तोंड उघडायची आणि नाव सापडायचं नाही. मग डोळ्यांतून पाणी. तिला सगळं समजत होतं, हेच जास्त वाईट.

बोलायला शिकवणाऱ्या बाई यायच्या. त्यांनी एक दिवस हिला म्हटलं, "आजी, एकपासून मोजा बघू." ही थोडा वेळ गप्प बसली आणि सुरू झाली, "लाभ, दोन, तीन, चार..." बाईंना वाटलं पहिलाच शब्द चुकला. मी सांगितलं, चुकला नाही. खळ्यात भात मापताना पहिल्या मापाला आम्ही एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. बाई म्हणाल्या, आकडे, वार, पाठ गाणी ही पुष्कळदा शाबूत राहतात, कारण ती ओळीने येतात, एकेक शब्द शोधावा लागत नाही. जे येतं ते रोज म्हणायला लावा. खरंच, लग्नातले धवले हिला अजून म्हणता येत होते. पण नुसतं बसून कोण किती मोजणार? दोन दिवसांनी कंटाळली.

कपाटात हिचा क्रोशाचा डबा होता. एका दुपारी तो तिने डाव्या हाताने ओढून काढला. डाव्या हातात सुई धरून बघितली. दोरा धरायला दुसरा हात नव्हता. तिने सुई फेकली, ती माझ्या पायाशी आली. मी उचलली आणि म्हटलं, "अगो, मला शिकव."

या डब्याचीही एक गोष्ट आहे. जमीन गेल्यावर आमच्या घरातल्या बायकांचं लावणी-कापणीचं काम गेलं. ऐंशीच्या दशकात नेरूळला सेक्टर वसायला लागले, तेव्हा ही टोपलीत सुकी मासळी घेऊन तिकडे विकायला जायची. तिथे एक मल्याळी नर्सबाई राहायची. तिला मराठी येत नव्हतं, हिला हिंदीही धड नाही. बाई क्रोशा घेऊन दारात बसलेली असायची. ही टोपली खाली ठेवून बघत राहायची. अशी बघूनबघून शिकली. हिने तिला जवळा दिला, तिने हिला सुई दिली. साखळी, खांब, मुका खांब ही नावं हिला पुढे महिला मंडळातल्या बायकांकडून समजली. मग आमच्या घरात टीव्हीवर रुमाल, फ्रिजवर रुमाल, दाराला तोरण. चाळीस वर्षं मी ते रुमाल बाजूला सारून रेडिओचं बटण फिरवलं, पण हे होतं कसं, असं कधी विचारलं नाही.

मला वाटत होतं, जमेल. वडिलांनी मला पाग विणायला शिकवला होता. पण जाळ्याच्या प्रत्येक घराला गाठ असते. क्रोशात गाठ नाही. एका फाशातून दुसरा फासा ओढायचा, बस. सुई म्हणजे टोकाला आकडा असलेली काडी. क्रोशे म्हणजे फ्रेंच भाषेत छोटा आकडाच, असं नातीने वाचून दाखवलं. आंबे उतरवायची आकडी बोटाएवढी केली तर अशीच दिसेल.

पहिली चूक दुकानातच झाली. मी मळखाऊ म्हणून गडद तपकिरी, केसाळ लोकर आणली. हिने हात लावला आणि ढकलून दिली. का ते दुसऱ्या दिवशी कळलं. गडद लोकरीत टाका दिसत नाही, केसाळ लोकर उसवत नाही. नवशिक्याला फिकी, गुळगुळीत आणि जरा जाड लोकर पाहिजे. मग मोतिया रंगाचे पन्नास-पन्नास ग्रॅमचे सहा गोळे आणि ५ मिलिमीटरची सुई आणली. बंडीला पाच गोळे लागले, सहावा पुढे नातीच्या टोपीला गेला.

बंडीच का, तर ती सगळ्यात सोपी. बाही नाही, गळ्याचा आकार काढायचा नाही. तीन चौकटी विणायच्या आणि शिवायच्या. पाठीचा एक तुकडा वीस इंच रुंद, बावीस इंच उंच. पुढचे दोन, दहा-दहा इंच रुंद, उंची तीच. आणि पुढून उघडी पाहिजेच होती. उजवा हात वर जात नाही, त्यामुळे डोक्यातून कपडा घालताना हिचे हाल व्हायचे. पंख्याखालीही उजव्या अंगाला तिला थंडी वाजायची.

आधी वीतभर नमुना विणला. चार इंचांत चौदा खांब बसले. म्हणजे वीस इंचांना सत्तर. सत्तर खांबांसाठी बहात्तर साखळ्या घातल्या. खांब असा: सुईवर लोकर घ्यायची, चौथ्या साखळीत सुई घालायची, लोकर ओढून आणायची, सुईवर तीन फासे होतात. पुन्हा लोकर घेऊन दोन फाशांतून ओढायची, पुन्हा घेऊन उरलेल्या दोनांतून. पहिल्या तीन साखळ्या सोडल्या त्यांचाच पहिला खांब धरायचा. ओळ संपली की तीन साखळ्या, काम फिरवायचं, परत चालायचं. नांगराचं तास घालतात तसंच, या टोकाला गेलो की वळून त्या टोकाला.

मी नांगर दाबतात तशी लोकर दाबायचो. सुई आत शिरायची नाही. ही डाव्या हाताने माझ्या बोटावर टिचकी मारायची. एक दिवस म्हणाली, "गला... गला नको दाबू." गळा! शब्द बरोबर, जागेवर. मी सुई खाली ठेवून तिच्याकडे बघत राहिलो. तिने पुन्हा टिचकी मारली.

मी विणायचो, ती मोजायची. "लाभ, दोन, तीन..." सुरुवातीला विसाच्या पुढे अडायची. मग मी थांबायचो. ती सापडेपर्यंत सुई पुढे न्यायची नाही, असा आमचा करार. कधी एका ओळीला अर्धा तास लागला. पण श्रावण संपता संपता ती सत्तरपर्यंत न अडता जायला लागली.

आठ बोटं उंची झाली तेव्हा मला वाटलं, झकास चाललंय. हिने तुकडा मांडीवर पसरला आणि कडेवरून बोट फिरवलं. खाली रुंद, वर अरुंद. दर दोन-तीन ओळींनी माझा शेवटचा खांब राहत होता. तो आधीच्या ओळीतल्या तीन साखळ्यांच्या डोक्यावर घालायचा असतो आणि नवशिक्याला ती जागा दिसतच नाही. सत्तरचे चौसष्ट झाले होते. ही मोजायची ती माझ्या हाताच्या हालचालीवर. मी घाईत दोनदा हात हलवला की तिचा आकडा पुढे जायचा, त्यामुळे तिलाही पत्ता लागला नाही. बांध दर वर्षी फाळभर सरकला तर पाच वर्षांत शेत किती आखडतं, हे मला कोणी शिकवायला नको. तरी माझ्या हातात तेच झालं.

तिने लोकरीचं टोक धरलं आणि ओढलं. माझी बारा दिवसांची मेहनत सरसर सुटली. मी "थांब, थांब" म्हणेपर्यंत मांडीवर नुसती लोकर. एकही धागा वाया गेला नव्हता. तिने तो ढीग माझ्याकडे सारला. "लाभ," म्हणाली.

त्या रात्री मला झोप आली नाही. मला ती आषाढातली दुपार आठवत होती. तिचंही एक टोक हातात यायला पाहिजे होतं. पडवीतलं झोपवणं, गूळपाणी, पाय चोळणं, सगळं उसवून पहिली मूठ पडली तिथपर्यंत मागे गेलो असतो. पण शेतकऱ्याला आणि संसाराला ती सोय नाही. मी हे तिला कधी बोललो नव्हतो. तिनेही कधी विचारलं नव्हतं, आणि विचारायला तिच्याकडे शब्द तरी कुठे होते!

दुसऱ्यांदा विणताना प्रत्येक ओळीच्या पहिल्या आणि शेवटच्या खांबात लाल दोऱ्याचा तुकडा अडकवला, हद्दीचा दगड लावतात तसा. मग काठ सरळ आले. नवरात्रापर्यंत पाठ झाली, एकोणचाळीस ओळी. पुढचे तुकडे पस्तीस-पस्तीस खांबांचे, ते दिवाळीच्या आत झाले. खांद्याला दोन्हीकडून सात-सात इंच शिवलं, मध्ये सहा इंच मान राहिली. पुढच्या तुकड्यांचा वरचा तीन इंच भाग आपोआप बाहेर दुमडतो, तीच कॉलर. कुशीत खालून तेरा इंच शिवून वर नऊ इंच हाताला सोडायचे. उजवीकडे मी अकरा सोडले, हात ताठ म्हणून. एक मोठी गुंडी लावली. काज करावं लागत नाही, दोन खांबांच्या फटीतून गुंडी जाते आणि एका हाताने लावता येते.

कपडा घालायचीही रीत फिजिओथेरपीच्या मुलीने शिकवली होती. लुळा हात आधी घालायचा, चांगला नंतर. काढताना चांगला आधी, लुळा शेवटी. मी उलटं करायचो आणि तिचा खांदा दुखवायचो.

मार्गशीर्षात आम्ही तिच्या माहेरी गेलो. वर्ष उलटून पाच महिने झाले होते, त्यानंतर पहिल्यांदाच ती शेतावर आली. पहाटेचं दव होतं. मी तिचा उजवा हात आधी घातला, मग डावा. गुंडी तिने स्वतः लावली, तिसऱ्या खेपेला लागली. मेव्हणा भात मापायला बसला. ती खुर्चीवर बसून मोजत होती, लाभ, दोन, तीन, आणि मेव्हण्याची बायको तोंडाला पदर लावून ऐकत होती.

माप झाल्यावर मी तिच्याजवळ गेलो. ती डाव्या हाताने बंडीची कड चाचपत होती. एका जागी बोट थांबलं. मी बघितलं. वरून चौथ्या ओळीत शेवटचा खांब राहिला होता. लाल दोरा लावूनसुद्धा.

"चुकला," ती म्हणाली.

मी म्हटलं, "व्हय, चुकला माझा. घरी गेल्यावर उसवतो."

तिने माझा हात बाजूला केला. शब्द शोधायला तिला वेळ लागतो, मी थांबलो.

"नको," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे. ऊब लागते."