अब्बांचं क्रिएटिनिन

अब्बांचं हृदय कमजोर झाल्याचं दोन वर्षांपूर्वी कळलं. यंदा शाबानमध्ये रक्ताच्या रिपोर्टात क्रिएटिनिन 1.9 आलं आणि घरात दोन पक्ष पडले. फुफू म्हणते, भरपूर पाणी पाजा, किडनी धुऊन निघेल. डॉक्टर म्हणतात, दिवसाला दीड लिटरच्या वर नको.

डॉक्टरांनी मला जे समजावलं ते असं. हृदय जेवढं रक्त फेकतं त्यातला साधारण पाचवा हिस्सा एवढ्याशा दोन मूत्रपिंडांना जातो. हृदयाचा जोर घटला की हा हिस्साही घटतो. मूत्रपिंडं समजतात, अंगात पाणीच कमी पडलंय, आणि मीठ-पाणी धरून ठेवतात. मग पाय सुजतात, दम लागतो, हृदयावर ओझं वाढतं. शिवाय परतीच्या नसांत रक्त तुंबतं. पुढे गटार तुंबलं की मोरीतलं पाणी उतरत नाही, तसं किडनीचं गाळणं मंदावतं. याला कार्डिओरीनल सिंड्रोम म्हणतात. तुंबलेल्या माणसाला वर आणखी पाणी पाजून किडनी धुतली जात नाही. उलट लघवीच्या गोळीने सूज उतरली की कधीकधी क्रिएटिनिनही सुधारतं. तीच गोळी जास्त झाली, तर शरीर कोरडं पडून आकडा चढतो. म्हणून डोस आपल्या मनाने बदलायचा नाही.

गुडघेदुखीची डायक्लोफेनॅक बंद केली. ती किडनीचं रक्त आणखी कमी करते. कमी सोडियमचं मीठही परत केलं, कारण त्यात पोटॅशियम असतं आणि ते अशा किडनीला बाहेर टाकता येत नाही. सुक्या मच्छीवरून मात्र अजून भांडण होतं.

खरा पेच रमजानचा. तेरा-चौदा तास कोरडं राहायचं, मग इफ्तारला एकदम पाणी, आणि सकाळची लघवीची गोळी घ्यायची कधी? डॉक्टर स्पष्ट नाही म्हणाले. अब्बा मानेनात. "पचपन साल में एक रोजा नहीं छोडा," एवढंच. मी सूरह बकराची 184वी आयत काढून पुढे ठेवली. आजाऱ्याची सवलत तिथेच आहे, फिदयाही तिथेच. त्यांना ती माझ्याहून चांगली पाठ आहे. बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारलं, "तीस दिन का कितना होता है?"

पैसे त्यांनी स्वतःच्या पेन्शनमधून दिले. सहरीला मात्र रोज उठतात, आमच्यासोबत बसतात. नंतर बाथरूमला जाऊन येतात, वजनकाट्यावर उभे राहतात आणि आकडा मला वहीत लिहायला सांगतात. एका दिवसात किलोभर वाढ दिसली की मी डॉक्टरांना फोन लावते.